वासेट्ठ सुत्तातील युक्तिवाद : एक तार्किक परीक्षण

जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाचे खंडन करताना आपले वक्ते व लेखक वासेट्ठ सुत्ताचा आधार आवर्जून घेतात, आणि ते योग्यच आहे. मात्र निष्कर्ष आपल्याला प्रिय असला की तो ज्या युक्तिवादातून निघाला त्याची परीक्षा आपण बहुधा करीत नाही. ही सवय धम्मातील बुद्धिप्रामाण्याशी विसंगत होय. म्हणून या युक्तिवादाला आम्ही येथे दोन प्रश्न विचारतो. आधारविधाने खरी मानली असता निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो काय? निघत असेल तर युक्तिवाद वैध. ती आधारविधाने वस्तुतः खरी आहेत काय? तीही खरी असतील तरच तो निर्दोष.

सुत्तनिपात व मज्झिम निकाय या दोहोंत आलेल्या या सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने, हा वाद घेऊन भगवान बुद्धांकडे येतात. तथागत गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे व पक्षी यांची उदाहरणे देतात. या प्राण्या-वनस्पतींत जातीजातींची जन्मसिद्ध चिन्हे वेगळी आहेत. मनुष्यांत केस, कान, डोळे, नाक, ओठ यांत तशी चिन्हे नाहीत. म्हणून मनुष्यांतील भेद हा केवळ संज्ञेचा, लोकव्यवहाराचा आहे.

याची मांडणी अशी होते : जेथे जन्मसिद्ध जातिभेद असतो, तेथे जन्मसिद्ध चिन्हांचा भेद असतो. ब्राह्मण व शूद्र यांच्यात असा चिन्हभेद नाही. म्हणून त्यांच्यात जन्मसिद्ध जातिभेद नाही. हा आकार निःसंशय वैध आहे.

परंतु हाच युक्तिवाद पुष्कळदा उलटा मांडला जातो : चिन्हे भिन्न असतील तर जाती भिन्न असतात; येथे चिन्हे भिन्न नाहीत; म्हणून जाती भिन्न नाहीत. शब्द तेच, निष्कर्षही तोच. परंतु हा आकार अवैध आहे. पाऊस पडला तर अंगण ओले होते. पाऊस पडला नाही, म्हणून अंगण कोरडे आहे, असे म्हणता येत नाही. कोणी सडा घातला असेल! खऱ्या निष्कर्षाने अवैध युक्तिवाद वैध होत नाही. तसेच प्रतिपक्षाने आपला एखादा युक्तिवाद अवैध ठरविला, तरी तेवढ्याने आपला निष्कर्ष खोटा ठरत नाही.

आता दुसरा प्रश्न. चिन्हे म्हणजे डोळ्यांना दिसणारी चिन्हे असा अर्थ घेतला, तर पहिले आधारविधान आज जसेच्या तसे टिकत नाही. भारतात हिवताप पसरविणारा अॅनोफिलिस क्युलिसिफॅसिस हा डास बाह्यतः एकच भासतो. प्रत्यक्षात त्यात पाच भिन्न जाती आहेत. म्हणजे बाह्य चिन्हभेदाशिवायही जन्मसिद्ध जातिभेद असू शकतो. मग सुत्ताचा युक्तिवाद कोसळतो काय? आमच्या मते नाही. मात्र त्याला पूरक आधार द्यावा लागतो, आणि तो मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तातच उपलब्ध आहे. घोडी व गाढव यांच्या संकरातून खेचर होते, ते घोडाही नसते आणि गाढवही नसते. परंतु क्षत्रिय व ब्राह्मण यांच्या विवाहातून जन्मलेले मूल आईसारखे व वडिलांसारखेच असते. येथे कसोटी बाह्य रूपाची नसून संततीची आहे. दोन्ही सुत्ते एकत्र वाचली असता आधारविधान भक्कम होते.

वज्रसूचीची गोष्ट वेगळी. परंपरा हा ग्रंथ अश्वघोषाचा मानते, चिनी परंपरा धर्मकीर्तीचा. कर्ता कोणीही असो, युक्तिवादाचे बलाबल त्याने ठरत नाही. ब्राह्मणत्व जन्माने असते तर कोळिणीच्या पोटी जन्मलेले व्यास ब्राह्मण ठरले नसते. व्यासांना तुम्ही ब्राह्मण मानता. म्हणून ब्राह्मणत्व जन्माने नाही. आकार वैध आहे. परंतु आधारविधाने प्रतिपक्षाच्या ग्रंथांतील आहेत. ते ग्रंथ आपण प्रमाण मानीत नाही, तेव्हा हा युक्तिवाद आपल्या बाजूने निर्दोष सिद्धता म्हणून मिरविता येणार नाही. बौद्ध न्यायात अशा मांडणीला प्रसंग म्हणतात. प्रतिपक्षाची मते परस्परविरोधी आहेत एवढेच ती दाखविते, आणि तेवढे कार्य ती चोख बजावते.

शेवटी, निष्कर्षाची मर्यादाही जाणली पाहिजे. जात जन्मसिद्ध नाही, हे येथे सिद्ध होते. जात अस्तित्वातच नाही, हे सिद्ध होत नाही. संज्ञा मानवनिर्मित असली तरी तिच्या नावाने होणारा अन्याय खराच असतो. निसर्गात जात नाही असे सांगून जातिभेदाची तक्रार निकालात काढणारे लोक या सुत्ताचा आधार घेऊ लागले, तर त्यांचा निष्कर्ष आधारविधानांच्या पलीकडे जातो, हे दाखवून देणे आपले कर्तव्य आहे. जे माणसांनी निर्माण केले ते माणसांना मोडता येते. या सुत्तावरून आपण जी मागणी करावयाची ती हीच, आणि ती युक्तिवाद नीट मांडूनच केली पाहिजे.