‘कंपनी सरकार’ : एक समास आणि एक विज्ञानकादंबरी

विज्ञानकथेतील हुकूमशाहीचा विषय निघाला की समीक्षकाच्या लेखणीवर प्रथम ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) उतरते आणि तिच्या पाठोपाठ झाम्यातिनची ‘वुई’. ज्या काल्पनिक जगांत राज्यसंस्थेऐवजी मोठमोठ्या कंपन्यांची मक्तेदारी चालते, त्यांनाही बहुधा याच पंक्तीत बसविण्यात येते. जुलूम तो जुलूमच, मग तो पक्षाचा असो वा पेढीचा, अशी यामागील समजूत असते. नैतिक निवाडा म्हणून ती ग्राह्य असेल; साहित्यविचार म्हणून मात्र ती फार ढोबळ आहे. दोन प्रकारच्या सत्ता भाषेशी दोन भिन्न व्यवहार करतात, आणि कादंबरी हा भाषेचाच व्यापार असल्यामुळे हा भेद तिच्या घडणीत खोलवर उतरतो.

मराठीभाषकाला या भेदाची जाण इतिहासाने आयतीच दिली आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर या प्रदेशात जो अंमल सुरू झाला त्याला लोक ‘कंपनी सरकार’ म्हणत. लंडनमध्ये भागधारकांना लाभांश वाटणारी एक व्यापारी संस्था १८५८ पर्यंत येथे सारा वसूल करीत होती, फौजा बाळगीत होती आणि न्यायनिवाडेही करीत होती. आता या समासाचा विग्रह कसा करावयाचा? ‘कंपनीचे सरकार’ असा केल्यास तो षष्ठी तत्पुरुष होतो. सरकार ही वस्तू निराळी राहते आणि कंपनी तिची धनीण ठरते. ‘कंपनी हेच सरकार’ असा केल्यास तो कर्मधारय होतो, आणि मग दोहोंत अंतरच उरत नाही. इतिहासातील कंपनीला दुसरा विग्रह अधिक शोभतो. हा प्रश्न केवळ वैयाकरणाच्या करमणुकीचा नाही. कंपनीराज्याच्या कोणत्याही कादंबरीला तो विचारता येतो, आणि उत्तरानुसार त्या कादंबरीचे स्वरूप पालटते.

फ्रेडरिक पोल आणि सी. एम. कॉर्नब्लूथ यांची ‘द स्पेस मर्चंट्स’ ही कादंबरी १९५२ मध्ये ‘गॅलक्सी’ मासिकातून क्रमशः आणि १९५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. किंग्जली एमिस यांनी १९६० च्या आपल्या विज्ञानकथाविषयक ग्रंथात तिला फार वरचे स्थान दिले. कथानायक मिच कोर्टनी हा फाउलर शॉकन या बलाढ्य जाहिरातसंस्थेतील मजकूरलेखक. शुक्र ग्रहावर वसाहत करण्यास लोकांना उद्युक्त करणे, म्हणजे जेथे जगणे जवळजवळ अशक्य ते स्थळ लोकांच्या गळी उतरविणे, ही त्याच्यावरील कामगिरी. या जगात सिनेटचे सभासद राज्यांचे नव्हेत, कंपन्यांचे प्रतिनिधी असतात. तरीही सिनेट आहे आणि राष्ट्राध्यक्षही आहे. म्हणजे हा तत्पुरुष होय. कंपन्यांनी सरकार मोडले नाही. त्याचे कवच शिल्लक ठेवले, कारण कारभाराची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर असणे त्यांच्या सोयीचे आहे.

कादंबरीच्या प्रारंभीच संचालकांच्या बैठकीत शॉकन आपल्या संस्थेचे पराक्रम आठवतो. त्यांपैकी एक ‘इंडियास्ट्रीज’ : एक संपूर्ण उपखंड एकाच उत्पादनसंस्थेत विलीन केल्याची ही फुशारकी. उल्लेख ओझरता आहे आणि पाश्चात्त्य वाचक तो हसून सोडून देत असावा. भारतीय वाचकाने तेथे थांबले पाहिजे. ‘इंडस्ट्रीज’ या शब्दाचा आरंभ देशाच्या इंग्रजी नावाच्या आरंभाशी जुळतो, एवढ्या योगायोगावर हा शब्द उभा आहे. मराठीत त्याला ‘भारतोद्योग’ म्हणता येईल. परंतु त्यात संधी होतो आणि संधी सोडविता येतो. इंग्रजी शब्दात दोन पदे एकमेकांत अशी मुरली आहेत की देश कोठे संपतो आणि कारखाना कोठे सुरू होतो हे दाखविता येत नाही. एका शब्दात कर्मधारय सिद्ध झाला, आणि तोही अमेरिकेत नव्हे, भारतात. कंपनीच्या इतिहासाचे स्मरण लेखकद्वयाच्या मनात होते की नाही, याने येथे फारसा फरक पडत नाही.

ऑर्वेलच्या ओशिआनियात कोशकार साइम शब्द नष्ट करण्यात आनंद मानतो. कोशाची प्रत्येक आवृत्ती आधीच्यापेक्षा रोडावत जावी, ही तेथील योजना. शॉकनच्या जगात याच्या उलट शब्दांचा सुकाळ आहे. रोज नवी नावे जन्मतात आणि प्रत्येक नावामागे एक तल्लफ असते. क्रंचीज खाल्ले की पॉप्सी प्यावेसे वाटते, पॉप्सी प्यायल्यावर स्टार सिगारेट हवीशी वाटते आणि सिगारेटने पुन्हा क्रंचीजची भूक लागते. येथे कोणी आज्ञार्थ वापरीत नाही. सर्व व्यवहार इच्छार्थाचा. सामान्य माणसाला नागरिक म्हणत नाहीत, ग्राहक म्हणतात, आणि घोर अपराध कोणता, तर करारभंग. बंदी घातलेला शब्द माणूस निदान चोरून उच्चारू शकतो; विन्स्टन स्मिथची रोजनिशी हे त्याचे उदाहरण. विकत घेतलेल्या शब्दाबाबत तीही सोय नाही. अवज्ञा करावयाची तर आधी आज्ञा सापडावी लागते.

कादंबरीतील सर्वोत्तम प्रकरणे मात्र जेथे आज्ञा उघड होते तेथील आहेत. कोर्टनीचे अपहरण होते, दंडावर गोंदलेला त्याचा क्रमांक बदलला जातो आणि ग्रोबी या नावाने तो कोस्टा रिकातील क्लोरेला कंपनीच्या मळ्यावर मजूर होतो. झाम्यातिनच्या जगात क्रमांक सर्वांनाच असतो. येथे नाव आणि क्रमांक यांपैकी माणूस कशाने ओळखला जाईल हे त्याच्या पगारावर ठरते. मजुरी मिळते, पण उधारी तिच्यापुढे धावते आणि करार संपत नाही. इच्छार्थ ही वरच्या मजल्याची भाषा होती, हे त्याला आणि वाचकाला एकदमच कळते. मळ्याच्या तळघरात ‘चिकन लिटल’ नावाचा, सतत वाढणारा आणि कापून विकला जाणारा कोंबडीच्या मांसाचा प्रचंड गोळा आहे. बंडखोरांची गुप्त खोली या गोळ्याच्या पोटात आहे. विशिष्ट शिट्टी वाजविली की मांस दुभंगते आणि वाट होते. मक्तेदारीबाहेर जागा उरलेली नसल्यामुळे विरोधकांना तिच्या मालाच्या आतच बसावे लागते. हे चित्र किळसवाणे आहे, परंतु मक्तेदारीविषयी अनेक व्याख्यानांनी जे साधले नसते ते त्याने साधले आहे.

याच खोलीसाठी कोर्टनी पत्रक लिहितो. बंडखोरांचे मूळ पत्रक प्रामाणिक, पण रटाळ आहे. तो त्याला धंद्यातील सारी हातोटी वापरून नवे रूप देतो, आणि ते प्रभावी ठरते. येथे कादंबरी आपल्या खऱ्या प्रश्नाशी येऊन पोहोचते : ज्या भाषेने लोकांना ग्राहक बनविले, तिनेच त्यांना पुन्हा नागरिक बनविता येईल काय? पोल यांनी स्वतः जाहिरातलेखनाचा व्यवसाय केला होता; हा प्रश्न त्यांना परका नसावा. दुर्दैवाने लेखक तेथे फार काळ थांबत नाहीत. नायकाला घाईघाईने न्यू यॉर्कला परत आणतात, संस्थेच्या सर्वोच्च पदावर बसवितात आणि पत्नीशी त्याचा समेटही घडवून आणतात. कोर्टनीचे मतपरिवर्तन वाचकाला त्याच्याच निवेदनातून कळते, आणि ते निवेदन अखेरपर्यंत जाहिरातलेखकाच्याच चटपटीत शैलीत चालते. ही कलात्मक उणीव मानावी की जाणीवपूर्वक ठेवलेली खूण मानावी, याविषयी दुमत संभवते. कादंबरीचा पूर्वार्ध ज्या कसोशीने रचला आहे ती पाहता दुसरा पर्याय मोहक वाटतो. शेवटच्या प्रकरणांतील घाई पहिल्याच्या बाजूने साक्ष देते. शेवटी बंडखोर शुक्राकडे निघतात : त्याच ग्रहाकडे, ज्याचा मजकूर कोर्टनीने पहिल्या प्रकरणात विक्रीसाठी हाती घेतला होता.