तीन प्रबंध, एक मोजपट्टी

कथा-कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, अधूनमधून पाठ्यपुस्तकाचीही होते. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाची मात्र होत नाही. परीक्षकांचा अहवाल येतो, तोंडी परीक्षा पार पडते, पदवी मिळते आणि सोनेरी अक्षरांचा तो जाड ग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतो. पुढे त्याच्याविषयी कोणी बोललेच, तर पाने किती आणि वर्षे किती लागली एवढेच. प्रश्न कोणता विचारला होता आणि उत्तर कितपत मिळाले, ही चौकशी क्वचितच होते.

याची झळ शाळेपर्यंत पोचते. आपल्या वर्गातला 'प्रकल्प' हे प्रबंधाचेच धाकटे भावंड आहे. थोरल्याचे मोजमाप जाडीवरून झाले, की धाकट्याचे रंगीत कागदावरून आणि थर्मोकोलवरून होऊ लागते. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, निरीक्षणे त्याला जुळवून घेतली जातात आणि शेवटच्या पानावर 'उद्दिष्ट साध्य झाले' असे लिहिले जाते.

म्हणून येथे वैद्यक, अभियांत्रिकी आणि नगररचना या तीन शाखांतले, तीन तरुणांनी लिहिलेले प्रबंध एकाच मोजपट्टीने तपासून पाहू. मोजपट्टी तीन प्रश्नांची आहे. प्रश्न नेमका होता का? साधन त्या प्रश्नाला साजेसे होते का? आणि आपले ज्ञान कोठे संपते, हे लेखकाने सांगितले का?

'मला ठाऊक नाही' असे लिहिणारा विद्यार्थी

पहिला प्रबंध १८६९ सालचा, बर्लिनचा. लेखक पॉल लँगरहॅन्स, वय वर्षे २१. विषय होता स्वादुपिंडाची सूक्ष्म रचना. हा अवयव पचनाला लागणारा रस तयार करतो, एवढे त्या वेळी माहीत होते. तो कोणकोणत्या पेशींचा बनलेला आहे, हे नीट पाहिले गेले नव्हते. लँगरहॅन्स यांनी मुख्यतः सशाचे स्वादुपिंड घेतले, ते द्रवात भिजवून पेशी सुट्या केल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे प्रकार वर्णिले. त्यांत लहान, बहुकोनी पेशींचे काही पुंजके होते. त्यांचा व्यास फार तर पाव मिलिमीटरपर्यंत. पाचक रस तयार करणाऱ्या पेशींपेक्षा ते वेगळे होते आणि सगळ्या अवयवात विखुरलेले होते.

या पेशींचे काम काय? लँगरहॅन्स यांनी सरळ लिहिले, की ते आपल्याला ठाऊक नाही. पदवीसाठी परीक्षकांपुढे ठेवायच्या ग्रंथात हे वाक्य लिहायला धैर्य लागते. एखादा तर्क रचून ती जागा भरून काढणे सोपे होते.

ती जागा मोकळी राहिली म्हणूनच पुढच्यांना ती दिसली. १८८९ मध्ये फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. १८९३ मध्ये फ्रान्सच्या लागेस यांनी त्या पुंजक्यांना 'लँगरहॅन्सची बेटे' असे नाव दिले आणि शरीरात थेट मिसळणारा एखादा स्राव ती तयार करत असावीत, अशी कल्पना मांडली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ओपी यांनी या बेटांची झीज आणि मधुमेह यांचा संबंध दाखवला. १९२१ मध्ये टोरांटो येथे बॅन्टिंग आणि बेस्ट यांचे प्रयोग झाले आणि जानेवारी १९२२ मध्ये मधुमेहाने खंगलेल्या १४ वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिनयुक्त अर्क टोचण्यात आला. लँगरहॅन्स मात्र १८८८ मध्येच वारले होते. आपण काय पाहिले, हे त्यांना कधीच कळले नाही.

उणीव काढायचीच, तर प्रबंध वर्णनावर थांबतो. त्या पेशी काय करतात हे शोधण्यासाठी लेखकाने प्रयोग योजला नाही. पण जेवढे साधन हाती होते तेवढाच दावा त्यांनी केला. आपल्या मोजपट्टीच्या तिसऱ्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मिळणे कठीण.

कळ, दिवा आणि बीजगणित

दुसरा प्रबंध १९३७ सालचा, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतला. लेखक क्लॉड शॅनन, वय पुन्हा २१, आणि पदवी केवळ मास्टरची. व्हॅनेवर बुश यांच्या डिफरन्शियल अॅनलायझर या गणनयंत्रावर शॅनन काम करत होते. यंत्राच्या नियंत्रणासाठी शंभरांहून अधिक रिले होते. रिले म्हणजे विद्युत्‌चुंबकाने उघडझाप होणारी कळ. दूरध्वनी केंद्रांतही अशा कळांची जाळी असत आणि ती अनुभवाने, चाचपडत जोडली जात.

मिशिगन विद्यापीठात शिकताना शॅनन यांची तर्कशास्त्राच्या वर्गात जॉर्ज बूल यांच्या बीजगणिताशी ओळख झाली होती. बूल यांचे हे बीजगणित १८५४ सालचे, आणि विधाने खरी की खोटी हे ठरवण्यासाठी रचलेले. शॅनन यांच्या ध्यानात आले, की कळेलाही दोनच अवस्था असतात. उघडी कळ म्हणजे पूर्ण अडथळा, तो १. मिटलेली कळ म्हणजे अडथळा नाही, ते ०. एकसरीतल्या दोन कळा म्हणजे बेरीज, समांतर कळा म्हणजे गुणाकार. या बेरजेत १ अधिक १ बरोबर १ होतात, कारण एकामागोमाग दोन कळा उघड्या असल्या तरी मार्ग बंदच राहतो.

हे वर्गात करून पाहता येते. क आणि ख या कळा समांतर जोडा. क आणि ग यांची दुसरी समांतर जोडी करा आणि दोन्ही जोड्या एकसरीत घेऊन दिवा लावा. क दोनदा येते, म्हणून चार संपर्क लागतात. बीजगणितात हे कख + कग झाले. सामाईक अवयव काढला, की क(ख + ग) उरते. म्हणजे ख आणि ग एकसरीत, आणि त्या दोघांना समांतर क. संपर्क तीनच लागले, पण दिवा पूर्वी जेव्हा लागत होता तेव्हाच लागतो. आठवीतल्या अवयव पाडण्याच्या क्रियेने एक संपर्क वाचवला. याच पद्धतीने शॅनन यांनी द्विमान संख्यांची बेरीज करणारे मंडलही प्रबंधात रेखाटून दाखवले. आजच्या संगणकातील मंडलांची आखणी याच विचारावर उभी आहे.

इथेही समीक्षकाने दोन गोष्टी नोंदवाव्यात. एक, ही कल्पना एकट्या शॅनन यांची नव्हती. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि सोव्हिएत संघात व्हिक्तर शेस्ताकोव त्याच दशकात स्वतंत्रपणे याच वाटेवर होते. दुसरी, प्रबंधातली कळ आदर्श आहे. खरी कळ कधी अडकते, कधी धुळीने चुकते. तो प्रश्न शॅनन यांनीच पुढे हाती घेतला. बेभरवशाच्या रिलेंपासून भरवशाचे मंडल कसे रचावे, यावर मूर यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शॅनन यांचा १९४० चा पीएच.डी.चा प्रबंध फारसा कोणाला आठवत नाही. समूहात जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलते, यासाठी त्यांनी त्यात एक बीजगणित रचले होते. बुद्धी तीच, हातोटी तीच, पदवी वरची. पण तो छापला गेला नाही आणि आनुवंशिकीच्या अभ्यासकांपर्यंत पोचला नाही. १९९३ मध्ये शॅनन यांच्या संकलित लेखनात तो आला, तोवर तो विषय कितीतरी पुढे गेला होता. पदवीची उंची ही कामाच्या मोलाची खूण नव्हे, हे सांगायला एकाच माणसाचे हे दोन प्रबंध पुरेत.

१४१ गरजांचे गाव

तिसऱ्या प्रबंधाचा भारताशी थेट संबंध आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे केंब्रिजमध्ये गणित आणि वास्तुरचना शिकले आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी.चे काम करत होते. वस्तू असो, घर असो की वस्ती, तिच्या असंख्य गरजा एकमेकींत गुंतलेल्या असताना रचनाकाराने सुरुवात कोठून करावी, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खरा होता आणि मोठा होता. उदाहरणासाठी ते गुजरातमधील बावरा या खेड्यात जाऊन राहिले. या कामाचे पुस्तक १९६४ मध्ये निघाले.

सुमारे ६०० वस्तीच्या गावाच्या त्यांनी १४१ गरजा लिहून काढल्या. मग कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे, हे ठरवले. १४१ गोष्टींच्या जोड्या होतात ९,८७०. प्रत्येक जोडीसाठी संबंध आहे की नाही, एवढाच निर्णय. ही यादी संगणकाला दिली. ज्या गरजा आपापसांत घट्ट गुंतलेल्या त्यांचे गट संगणकाने पाडले. चार मोठे गट निघाले: गुरे, बैलगाड्या व सरपण, शेती व पाणी, सामूहिक जीवन, आणि घरगुती जीवन. त्यांचे मिळून बारा पोटगट झाले. प्रत्येक पोटगटाची आकृती काढून त्या जोडल्या, की गावाची मांडणी तयार.

इथे मोजपट्टीचा दुसरा प्रश्न विचारायला हवा. शॅनन यांचे ० आणि १ कळेच्या दोन अवस्था होते. तारेला हात लावून तपासता येतील असे. अलेक्झांडर यांचे 'आहे' आणि 'नाही' हे एका अभ्यासकाचे मत होते. पुढचे गणित निर्दोष असले, तरी आत टाकलेल्या मतापेक्षा उत्तर अधिक पक्के होऊ शकत नाही.

याहून गंभीर अडचण यादीतच आहे. तिच्या आरंभीच हरिजनांना अस्पृश्य मानले जाते, ही बाब येते. घराचे दार दक्षिणेला नको, ही समजूत तिच्या जवळच येते. पुढे त्याच यादीत अस्पृश्यतेचे निर्मूलन हीही एक बाब आहे. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली आहे. म्हणजे एक अन्याय आणि त्या अन्यायाचे निवारण, दोन्ही एकाच रांगेत, सारख्याच मोलाने बसले. गावाची विहीर कोठे असावी हे या दोहोंपैकी कोणती बाब मानायची यावर ठरते, आणि ते संगणक सांगू शकत नाही. जोडणीचा हिशेब मांडता येतो. कोणती गरज मान्य करायची, हा निर्णय माणसालाच करावा लागतो आणि उघडपणे करावा लागतो.

मात्र अलेक्झांडर यांनी पुढच्याच वर्षी जे केले त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. १९६५ च्या 'अ सिटी इज नॉट अ ट्री' या लेखात त्यांनी दाखवले, की गट-पोटगट अशी झाडासारखी विभागणी शहराला लागू पडत नाही. चंदीगढ, ब्राझिलिया यांसारख्या आखीव शहरांची त्यांनी चिकित्सा केली. त्यांच्या उदाहरणात बर्कलेमधला एक कोपरा आहे: दुकान, त्याबाहेर वर्तमानपत्रांची पेटी आणि समोर वाहतुकीचा दिवा. दिव्यापाशी थांबलेली माणसे उभ्या उभ्या मथळे वाचतात, एखादा अंक विकत घेतात. पेटी दुकानाच्या गटातही आहे आणि रस्त्याच्याही. आपल्या शाळेच्या फाटकाशी बोरे-चिंचा विकणारी बाई शाळेच्या गटात घालावी, की बाजाराच्या, की रस्त्याच्या? झाडात तिला एकच फांदी मिळेल.

यातले गणित वर्गात घेण्याजोगे आहे. बाद पद्धतीच्या कबड्डी स्पर्धेत २० संघ असतील तर सामने १९ होतात, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ कमी होतो. तसेच २० घटक झाडाच्या पद्धतीने जोडत गेलो, तर नवे गट जास्तीत जास्त १९ बनतात. गटांना एकमेकांत शिरू दिले, तर प्रत्येक घटक आत की बाहेर, असे २ चा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ संच शक्य होतात. शहराचे जगणे या दुसऱ्या आकड्याच्या बाजूचे आहे. अलेक्झांडर यांच्या प्रबंधातली विभागणी झाडाचीच होती. तिची मर्यादा त्यांनी स्वतःच जगापुढे मांडली.

आपल्या वर्गासाठी

तिन्ही प्रबंध शेजारी ठेवले म्हणजे दिसते, की त्यांचे बळ विषयाच्या भव्यतेत नाही. सर्वांत लहान प्रश्न लँगरहॅन्स यांचा होता, सर्वांत मोठा अलेक्झांडर यांचा. आणि सर्वांत अधिक दुरुस्ती मोठ्या प्रश्नालाच लागली. निरीक्षण कोठे संपते आणि मत कोठे सुरू होते, ही रेघ जिथे स्वच्छ आहे तिथे प्रबंध टिकला.

आपल्याकडे एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. अभियांत्रिकीच्या आणि नगररचनेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध देण्यापूर्वी निदान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक होते. २०२२ च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही. अट असो वा नसो, निबंध मोजणे सोपे आणि प्रश्न तपासणे कठीण, हे बदललेले नाही. तपासण्याची सवय शाळेतच लागली, तर ती पुढे कामाला येईल.

शिक्षकांनी दोन गोष्टी करून पाहाव्यात. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांतला एखादा निवडून त्याचे पहिले आणि शेवटचे प्रकरण अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांबरोबर वाचावे आणि वरचे तीन प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. दुसरे, यंदाच्या प्रकल्पवहीत एक पान सक्तीचे करावे: 'आम्हाला काय कळले नाही'. त्या पानाला निष्कर्षाइतकेच गुण ठेवावेत. ते पान कोरे आले, तर वही परत द्यावी.