रुपयाचा लगाम

ऑफिसातला एक मित्र बिटकॉइनचा कट्टर भक्त आहे. एकूण नाणी 2 कोटी 10 लाख, कुठलंही सरकार त्यात भर घालू शकत नाही, हे त्याचं पालुपद. एकदा तो म्हणाला, "आंबेडकरही सोन्याच्याच बाजूचे होते." त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (1923) वाचायला घेतलं.

पुस्तक सोपं नाही. तक्ते आणि समित्यांचे अहवाल यांत दमछाक होते. पण मूळ भांडण स्पष्ट आहे. 1893 पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होतं. चांदी स्वस्त होत गेली, आणि रुपयांत कर गोळा करून लंडनला पौंडांत देणी भागवणारं सरकार अडचणीत आलं. म्हणून टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. पुढे रुपया 1 शिलिंग 4 पेन्सला बांधला गेला. केन्सनी 1913 मध्ये या व्यवस्थेची तारीफ केली. आंबेडकरांचा आक्षेप असा, की टांकसाळ लोकांना बंद, सरकारला मात्र उघडीच! मग नाणी किती पाडायची याला लगाम कुणाचा?

इथे माझा मित्र चुकतो, आणि मीही चुकलो होतो. आंबेडकर तिजोरीत सोन्याची रास मागत नाहीत. चलनाची किंमत राखीव सोन्यामुळे टिकत नाही, पुरवठ्यावरच्या मर्यादेमुळे टिकते, असं ते म्हणतात. म्हणून टांकसाळ सरकारलाही बंद करा, रुपयांची संख्या गोठवा आणि सोन्याचं नाणं चालू द्या, हा त्यांचा उपाय. रुपया घसरला की निर्यातदाराचा फायदा होतो. तो परदेशातून येत नाही, तर किमती वाढूनही ज्याची मजुरी वाढलेली नाही त्या मजुराच्या खिशातून येतो, हे त्यांचं निरीक्षण मला पुस्तकातलं सर्वांत मोलाचं वाटतं. चलनाच्या चर्चेत 'भुर्दंड कुणाला?' हा प्रश्न ते आणतात.

हाच प्रश्न मात्र त्यांच्या उपायालाही विचारायला हवा. 1929 नंतर पिकांचे भाव कोसळले. सावकाराचं कर्ज रुपयांत होतं, ते तेवढंच राहिलं; फेडायला मात्र जास्त पोती धान्य लागू लागलं. 1931 मध्ये खुद्द ब्रिटननं सोनं सोडलं. लगाम आवळूनच ठेवला तर फास कर्जदाराच्या गळ्याला बसतो. महागाईत भरडणारा मजूर आंबेडकरांना लख्ख दिसला. मंदीतल्या कर्जदाराला या पुस्तकात तेवढी जागा नाही. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनीही प्रस्तावनेतच आपले मतभेद नोंदवलेत, कारणं वेगळी असली तरी.

वाद मी जिंकलो नाही. मित्राला पुस्तक दिलंय. माझ्या गृहकर्जाचे हप्ते अजून बरेच बाकी आहेत, त्यामुळे गोठवलेलं चलन मला परवडणारं नाही, एवढं कळलं.