‘स्वभावच तसा तिचा’

‘ती मुळातच लाजाळू, तिला कुठं मॅच झेपायची?’ घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य. क्रीडा मानसशास्त्राच्या पुस्तकात तेच जरा भारदस्त होऊन येतं, आणि त्याला गुणविशेष सिद्धान्त म्हणतात.

रेमंड कॅटेल यांनी १९४९ साली माणसाचा स्वभाव १६ घटकांत बसवणारी प्रश्नावली काढली. पुढे अमेरिकेत ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको यांनी खास खेळाडूंसाठी ११ गुणांची चाचणी केली : जिद्द, आक्रमकता, आत्मविश्वास, कोचचं ऐकण्याची तयारी वगैरे. त्यांच्या १९६६च्या पुस्तकाचं नावच ‘प्रॉब्लेम ॲथलीट्स अँड हाऊ टू हँडल देम’. म्हणजे अडचण खेळाडूत, आणि ती हाताळायची कोचनं! कोचच अडचण असला तर?

अशा चाचण्यांवरून कोण जिंकेल हे भरवशानं सांगता आलं नाही. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली दाखवलंच होतं, की प्रसंग बदलला की माणसाचं वागणंही बदलतं.

मला जास्त पटते ती हॉलंडर यांची मांडणी. आत गाभा, त्यावर नेहमीच्या प्रतिक्रिया, आणि सगळ्यात वर भूमिकेप्रमाणे बदलणारं वागणं. हा वरचा थर परिस्थितीनं सगळ्यात लवकर बदलतो. आता आपल्या मुलींकडे बघा. ‘आवाज चढवू नको, पुढंपुढं करू नको’ हे आपण लहानपणापासून शिकवतो. मग तीच मुलगी कबड्डीच्या निवडीला जाते आणि कागदावर शेरा येतो : आक्रमकता कमी. मोजलं काय? आपलं वळण. नाव कुणाचं? तिच्या स्वभावाचं. या मोजणीची खरी खोट इथं आहे.

म्हणून सगळा दोष परिस्थितीवर ढकलणंही बरोबर नाही. काही मुली शांतच असतात, आणि नेमबाजीत तो शांतपणा उपयोगी पडतो. पण आत्मविश्वास जन्माबरोबर येत नाही. बांडुरा यांनी १९७७ साली सांगितलं, की ‘मला जमेल’ हा भरवसा मुख्यतः स्वतः करून, जमवून दाखवल्यानं वाढतो. आणि करायला मिळालंच नाही तर?

तेव्हा बायांनो, कुणी आपल्या लेकीला ‘स्वभावच तसा’ म्हणालं, तर एवढंच विचारा : मैदानावर तिला किती दिवस मिळाले?