उमेदवारी : निवडीपूर्वीची निवड

मतदाराने कोणास निवडावे, याची चर्चा विपुल होते. त्याच्यापुढे कोणास उभे करावे, हा प्रश्न मात्र पक्षांतर्गत बाब म्हणून बहुधा सोडून दिला जातो. सर्वोच्च पदाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते.

या पूर्वनिवडीचा दोष भाषेतही उमटला आहे. ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आलेला असून आशा बाळगणारा असा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे व्युत्पत्तीने पुढाकार त्या व्यक्तीचाच. मराठीच्या राजकीय व्यवहारात मात्र उमेदवारी ‘दिली जाते’, ‘नाकारली जाते’, तिकीट ‘कापले जाते’. देणारा व कापणारा कोण, हे वाक्यात सहसा येत नाही. कर्त्याचा हा लोप केवळ व्याकरणातला नव्हे.

खानदेशाशी निगडित दोन प्रसंग येथे उद्‌बोधक ठरतात. डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. काँग्रेसच्या अध्यक्षास त्या काळी ‘राष्ट्रपती’ म्हणत. या पदासाठी नाव पुढे आलेल्या वल्लभभाई पटेलांनी माघार घेतली व जवाहरलाल नेहरूंचा मार्ग मोकळा झाला. नेहरूंची सर्व मते आपणास मान्य नाहीत, हे पटेलांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते. मतभेद खरा होता. परंतु त्यावर कौल देण्याची संधी प्रतिनिधींना मिळाली नाही. १९३९ मध्ये ती मिळाली आणि सुभाषचंद्र बोस पट्टाभी सीतारामय्यांविरुद्ध निवडून आले; तथापि ज्येष्ठ नेत्यांच्या असहकारामुळे काही महिन्यांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला. मतदान झाले, तरी निर्णायक सत्ता मतदानाबाहेरच राहिली.

दुसरा प्रसंग २००७ चा. १९६२ मध्ये जळगावातून विधानसभेवर प्रथम निवडून आलेल्या प्रतिभाताई पाटील भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांना ६,३८,११६, तर भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मतमूल्य मिळाले. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. हे गणित घटनेने काटेकोरपणे बांधलेले आहे. त्याआधीची पायरी मात्र तशी नाही. शिवराज पाटील यांचे नाव डाव्या पक्षांच्या विरोधामुळे मागे पडले व सत्ताधारी आघाडीच्या वाटाघाटींतून प्रतिभाताईंचे नाव निश्चित झाले. ज्या आमदारांच्या मतांनी राष्ट्रपती निवडला जातो, त्यांतील बहुतेकांपर्यंत प्रश्न पोहोचला तो उत्तर ठरल्यानंतर. त्यातच अर्जास ५० सूचक व ५० अनुमोदक लागतात; साहजिकच पक्षबळाविना उमेदवारी जवळजवळ अशक्य होते.

यावर अमेरिकेतील प्राथमिक निवडणुकांचा उपाय सुचविला जाईल. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हंफ्री यांना या निवडणुका न लढविताच डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. त्यावरील रोषातून ही पद्धती विस्तारली. परंतु तीही निर्दोष नाही. आरंभी मतदान करणाऱ्या लहान राज्यांचा प्रभाव प्रमाणाबाहेर वाढतो आणि उशिरा मतदान करणाऱ्यांपर्यंत अनेक उमेदवार पोहोचतच नाहीत. सहभागही सार्वत्रिक निवडणुकीच्या तुलनेत पुष्कळ कमी असतो. २०२४ मध्ये या निवडणुका जिंकलेल्या जो बायडेन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांची उमेदवारी अखेर पक्षप्रतिनिधींनीच ठरविली.

भारताचा राष्ट्रपती हा घटनात्मक प्रमुख असल्याने सहमतीने नाव ठरणे इष्ट, हा युक्तिवाद अग्राह्य नाही. परंतु सहमती कोणाची, कोणत्या नावांमधून व कोणत्या कारणांनी, हे उघड झाल्याशिवाय ती सहमती आणि नुसती संमती यांत भेद करता येत नाही. आपल्या भूमीतील व्यक्ती सर्वोच्च पदी पोहोचल्याचा अभिमान खानदेशास वाटणे स्वाभाविकच आहे. पण अभिमान हा अधिकाराचा पर्याय होऊ शकत नाही. प्राथमिक निवडणूक असो वा वाटाघाट, ‘उमेदवारी दिली गेली’ या वाक्यातील लुप्त कर्ता प्रथम प्रकट झाला पाहिजे.