रस्त्यावरची पत

खामगांवच्या बाजारांत ‘पत’ हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. कापूस व चांदी ह्यांच्या व्यापारावर वाढलेलें हें गांव. येथें माणसाचा शब्द चालतो कीं नाहीं, हें दुकानावरील पाटी ठरवीत नाहीं, देणेंघेणें करणारे ठरवितात. इंग्रजींत जिला ‘स्ट्रीट क्रेडिबिलिटी’ म्हणतात, ती मोठ्या शहरांतील गल्ल्यांची पतही अशीच आहे. ‘हा आपल्यांतला, ह्याचें बोलणें खरें’ असें तेथील रहिवाशांनींच मानावें लागतें.

मराठी काव्यांत ह्या पतीचा कस पाहावयाचा, तर नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) हातीं घ्यावा. मुंबईच्या ज्या बदनाम वस्तींत कवि वाढला, तिचेंच नांव संग्रहास आहे. आम्हांस नवल वाटतें तें प्रस्तावनेचें. ती विजय तेंडुलकरांनीं लिहिली. आपल्या मोहल्ल्यांत ज्याच्या शब्दास जामीन लागत नव्हता, त्याच्यासाठीं सुशिक्षितांच्या पेढीवर मात्र एक प्रतिष्ठित जामीन उभा राहिला! एका बाजारची पत दुसऱ्या बाजारांत चालत नाहीं, ती अशी.

पुढें उलटाच प्रकार झाला. आम्ही मध्यमवर्गीय वाचकच रस्त्याची पत वाटूं लागलों. कवीनें अंगमेहनत केली कीं नाहीं, हें आधीं विचारावयाचें आणि कविता मागाहून वाचावयाची! ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) लिहिणाऱ्या नारायण सुर्व्यांचें गिरणींतील आयुष्य सर्वांस ठाऊक असतें. त्यांच्या कवितेंतील बोलण्याची घडण कितीजण पाहतात? ‘गोलपिठा’ंतील शिव्या नवशिक्यांनीं उचलल्या. परंतु तेथें शिवीच्या शेजारीं संस्कृत वळणाचा शब्द येऊन बसतो आणि दोहोंस एकमेकांचा धाक वाटतो; तें त्यांस साधलें नाहीं. ढसाळांची पत ह्या शेजारांत आहे. ती केवळ पत्त्यांत असती, तर त्या वस्तींतील प्रत्येक भाडेकरू कवि ठरता.

मुंबईच्या दोन रॅप-गायकांच्या आयुष्यावरून स्फुरलेल्या ‘गली बॉय’ (२०१९) ह्या हिंदी चित्रपटानें तर ही पत तिकिटावर विकली. तेवढ्यावरून गल्लीत गाणाऱ्या पोरांस खोटें ठरविणें आम्हांस रुचत नाहीं. पैसा आल्यावरही गल्ली त्यांचें ऐकते कीं नाहीं, तें तिचें ती पाहील. आमच्या दिवाणखान्यांतून त्याचा निवाडा होण्यासारखा नाहीं.