तारखेवर टांगलेला इतिहास

दिनविशेषाच्या कोड्यात दिवाळीला जागा नाही. जिच्यासाठी हा अंक तुमच्या घरी येतो, ती कधी ऑक्टोबरात पणती लावते, कधी नोव्हेंबरात. कोडेकाराने बिचाऱ्याने तिला कोणत्या तारखेच्या खणात बसवावे? ज्ञानेश्वरांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, तुकोबांची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेची. त्यांचीही तीच गत. या करमणुकीला जागची हलणारी गोष्ट चालत नाही.

करमणूक मात्र घरोघर आहे. शाळेच्या परिपाठात ती आहे, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आहे, आणि सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर ‘ओळखा पाहू’ म्हणून दत्त होऊन उभी राहते तीही हीच. आज १६ एप्रिल. १८५३ साली या दिवशी काय घडले? खाली चार उत्तरे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, यावर बोट ठेवले की शाबासकी. उद्या दुसरी तारीख, दुसरा ‘पहिला’. या कोड्याला ‘पहिल्या’चे भारी वेड. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’, ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’. बाळशास्त्र्यांनी ते पत्र का काढले, अर्धे इंग्रजीत का ठेवले, आणि १८४० साली ते थांबले तेव्हा मागे काय उरले, हे विचारायला त्या चार पर्यायांत जागा नसते. जन्माचा पेढा तेवढा वाटायचा आणि पोराचे पुढे काय झाले ते विचारायचे नाही, असा हा शेजार!

तरी या प्रकाराला सरसकट नाक मुरडणे मला जमत नाही. कधी कधी तारीखच अशी काही जुळणी करून ठेवते, की कादंबरीकाराने तोंडात बोट घालावे. १ ऑगस्ट १९२० घ्या. मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले. असहकाराची चळवळ सुरू झाली तीही त्याच दिवशी. आणि तिकडे वाटेगावात मांगवाड्यात एक मूल जन्माला आले. पुढे शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहून त्याने ‘फकिरा’ लिहिली. एक युग मिटते आहे, दुसरे उघडते आहे, आणि तिसरे गावकुसाबाहेर पहिला टाहो फोडते आहे. त्याची त्या दिवशी कुणालाच वार्ता नाही. मी कादंबरीत असे लिहिले असते तर संपादकांनी ‘योगायोग फार’ म्हणून परत पाठवले असते. कोडेकाराच्या हाती हे आयते पडते. आणि तो काय करतो? लोकमान्यांचा प्रश्न एका वर्षी विचारतो, अण्णाभाऊंचा दुसऱ्या वर्षी.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिला नसता. पण तारखेचा मोह माणसाला खोटेही बोलायला लावतो. १४ जानेवारी १७६१, पानिपत. खाली बहुधा शेपूट असते : ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’. वाक्य इतके चपखल बसते की कोणी शंकाच घेत नाही. संकटालाच आपण संक्रांत म्हणतो ना! पण पंचांगातला सूर्य इंग्रजी तारखेला दावणीला बांधलेला नाही. साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद जन्मले तो दिवस संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. मग त्याच्या शंभर वर्षे आधी ती १४ ला कशी असेल? पानिपतच्या वेळी संक्रांत चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती. लढाई झाली ती पौष शुद्ध अष्टमीला. उपासमारीने गांजून भाऊसाहेबांचे लष्कर बाहेर पडले, हे कारण आपल्या हाती असताना सणाचे कारण कशाला हवे? पण उपासमारीला तारीख नसते. ती महिनोन् महिने चालते, म्हणून कोड्यात येत नाही.

शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी वारले, हेही असेच एक लाडके उत्तर. १६१६ सालचा २३ एप्रिल दोघांच्या नावावर मांडतात. स्पेनने नवे कॅलेंडर १५८२ सालीच घेतले होते. इंग्लंडने ते घेतले १७५२ साली, आणि तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे १६१६ साली दोन देशांचे २३ एप्रिल एकमेकांपासून दहा दिवस दूर होते.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. रायगडावर राज्याभिषेक झाला तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी. आपण ६ जून १६७४ म्हणतो तो इंग्रजांच्या त्या जुन्या कॅलेंडरचा. समारंभाला हेन्री ऑक्झिंडेन हा त्यांचा वकील हजर होता, त्याच्या दप्तरातली रीत ती. आजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरने मोजले तर तो दिवस १६ जून येतो. ६ जूनला गडावर जाणाऱ्यांनी जावे, तिथीला जाणाऱ्यांनी तिथीला. दोघांनाही माझा नमस्कार. गंमत एवढीच, की ज्या राजाने त्या दिवसापासून स्वतःचा राज्याभिषेक शक चालू केला, त्याच्याबद्दल आपण विचारतो काय, तर इंग्रजी तारीख!

आणि तारखा तरी लिहितो कोण? आम्ही मास्तर. कोणत्याही खेड्यातल्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, पुन्हा १ जून. सगळा वर्ग जणू एकाच बाळंतिणीच्या खोलीत जन्मला. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहावे वर्ष लागलेले दिसायला हवे, म्हणून गुरुजींनी टाक चालवला. आईला विचारले तर तिचे उत्तर तयार असे, फक्त रकान्यात मावत नसे. “पानशेत फुटलं त्याच्या आधी दोन रोज.” “बहात्तरच्या दुष्काळात मी खडीवर होते, तवा हा पाठीशी बांधलेला.” “कोयनेचा भूकंप झाला तवा पोटात होता.” कोडेकार तारखेच्या खुंटीला घटना टांगतो, या बायका घटनेच्या खुंटीला पोराचा दिवस टांगत. मला विचाराल तर इतिहास सांगण्याची अधिक शहाणी रीत ती. तिच्यात पूर होता, भूक होती, जमीन हलली होती, आणि त्या सगळ्यात एक जीव वाचला होता.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. तेव्हा पोटात असलेले ते पोर १९६८ च्या उन्हाळ्यात कधीतरी, फार तर पावसाळा संपेपर्यंत, जन्मले असणार. रजिस्टरात १ जून. नोकरीच्या कागदावर १ जून. सरकारी कचेऱ्यांतून दरवर्षी ३१ मे ला एवढ्या शाली आणि एवढे नारळ का वाटले जातात, हा प्रश्न मात्र अजून एकाही कोड्यात आलेला मी पाहिला नाही.